पांचवी ओळ

आमच्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला एक ऐच्छिक विषय आहे. त्याचें अधिकृत नांव बरेंच लांबलचक असल्यामुळें विद्यार्थी त्याला नुसतें 'दृश्याचा पेपर' म्हणतात. अठ्ठावीस वर्षें वर्ड्‌स्वर्थ आणि कीट्‌स शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मनुष्याच्या गळ्यांत तो कसा पडला, ही हकीकत फारशी मनोरंजक नाहीं. तो शिकविणारे तरुण प्राध्यापक नोकरी सोडून गेले, वेळापत्रकांत एक चौकोन रिकामा राहिला, आणि रिकामा चौकोन दिसला कीं त्यांत सर्वांत ज्येष्ठ मनुष्याला बसवावयाचें, अशी आमच्या विभागाची जुनी रीत आहे. मीं दोन महिने पुस्तकें वाचलीं, चित्रपटशास्त्रांतले पारिभाषिक शब्द घोकले, आणि लहानपणापासून कॅमेरा खांद्यावर वागविल्याचा आव आणून वर्गांत जाऊन उभा राहिलों.

या पेपरांत विद्यार्थ्यांनीं एक प्रकल्प करावयाचा असतो. कोणत्याहि एका दिग्दर्शकाच्या चारपांच कृति घ्याव्या, त्या पुनःपुन्हां पाहाव्या, आणि त्याची दृश्यशैली कशांत आहे तें उदाहरणें देऊन सांगावें. दहा गुण वर्गांतील निवेदनाला, दहा लेखी निबंधाला. मुलें सत्यजित राय, कुरोसावा, निदान व्ही. शांताराम यांच्याकडे वळतील अशी माझी अपेक्षा होती, आणि बहुतेक वळलींहि. परंतु एका विद्यार्थिनीनें कागदावर नांव लिहून दिलें तें मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाचें. आणि त्याखालीं ओळ घातली होती, 'फक्त म्युझिक व्हिडिओ. चित्रपट घेतलेले नाहींत.'

या प्रकाराला मराठींत कोणी 'संगीतचित्रफीत' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाहीं, आणि ती वस्तुहि त्या वेळीं आवडत नव्हती. गाणें खपावें म्हणून केलेली चार मिनिटांची जाहिरात, एवढीच माझी तिच्याविषयींची समजूत.

"अगं, जाहिरातीला शैली कसली?" मीं विचारलें.

"सर, तो आधीं ड्रम वाजवीत होता," ती म्हणाली.

माझ्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे, असें मला तेव्हां वाटलें.

पण तिचें म्हणणें खरें होतें. गोंद्रीचा जन्म १९६३ सालीं व्हर्साय येथें झाला. 'होय होय' अशा अर्थाचें फ्रेंच नांव धारण करणाऱ्या एका वाद्यवृंदांत तो ड्रम वाजवीत असे, आणि त्याच वृंदाच्या गाण्यांसाठीं त्यानें हौसेनें लहान लहान व्हिडिओ केले. ते ब्यर्क या आइसलंडच्या गायिकेच्या पाहण्यांत आले. तिनें त्याला बोलाविलें, आणि १९९३ मध्यें 'ह्यूमन बिहेवियर' या तिच्या गाण्यापासून त्याची कीर्ति झाली. त्याच्या घराण्यांतच सुरांचें वेड होतें असें दिसतें. त्याचे आजोबा कॉन्स्टां मार्तां यांनीं १९४७ सालीं 'क्लॅव्हिओलिन' नांवाचें, पट्ट्या असलेलें आणि विजेवर चालणारें एक छोटेखानी वाद्य काढलें. हें वाद्य मुंबईस येऊन पोहोंचलें. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटांत कल्याणजींनीं पुंगीचा तो सुप्रसिद्ध सूर काढला तो याच वाद्यावर. म्हणजे ज्या सुरावर आमच्या पिढीचीं माणसें वरातींत दांतांत रुमाल धरून भर रस्त्यांत लोळलीं, त्या सुराचें मूळ या फ्रेंच गृहस्थाच्या आजोबांपाशीं! ही माहिती मिळाल्यावर गोंद्रीविषयीं माझें मन थोडें मऊ झालें, हें कबूल केलें पाहिजे.

निवेदनाच्या दिवशीं तिनें प्रथम 'अराउंड द वर्ल्ड' हा १९९७ चा व्हिडिओ दाखविला. डॅफ्ट पंक या फ्रेंच जोडीचें हें गाणें. शब्द म्हणाल तर शीर्षकाचे तेवढे तीन. तेच आरंभापासून शेवटपर्यंत फिरत राहतात. एका गोल मंचावर पांच प्रकारचीं सोंगें नाचतात: यंत्रमानव, धिप्पाड खेळाडू, सांगाडे, अंगभर पट्ट्या गुंडाळलेल्या ममी, आणि चकचकीत पोशाखांतल्या नर्तकी. मला शिमग्याची आठवण झाली. पण तिनें समजावून सांगितलें कीं यांतलें प्रत्येक सोंग म्हणजे एकेक आवाज आहे. यंत्रमानव म्हणजे गाणारा आवाज, खेळाडू म्हणजे खर्जांतली बेस गिटार, सांगाडे म्हणजे साधी गिटार, ममी म्हणजे तालयंत्र, आणि नर्तकी म्हणजे उंच स्वरांतला कीबोर्ड. बेसचा सूर चढला कीं खेळाडू पायऱ्या चढतात, उतरला कीं उतरतात. नृत्यरचना ब्लांका ली या स्पॅनिश नर्तकीची. अशा व्हिडिओंत नृत्याचे तुकडे तुकडे करून, एकदां पाऊल, एकदां डोळा, असें दाखविण्याची जी खोड असते ती येथें नाहीं; सगळा मंच डोळ्यांसमोर राहतो. पांच वाद्यें कानांनीं निवडणें ज्याला जमत नाहीं, त्याला तीं डोळ्यांनीं निवडतां येतात. हें शेवटचें वाक्य तिचें आहे. मीं तें वहींत उतरून घेतलें होतें, आणि तें कोणाला उद्देशून असूं शकेल असें माझ्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

मग तिनें 'स्टार गिटार' लावला. हें केमिकल ब्रदर्स यांचें २००२ मधील गाणें. आगगाडीची खिडकी, एवढेंच दृश्य. बाहेर दक्षिण फ्रान्समधला मुलूख मागें पळतो आहे: माळ, गुदामें, पूल, खांब, मधूनच एखादें स्थानक. गायक दिसत नाहीं, नर्तकी नाहीं, गोष्ट नाहीं. पहिलें मिनिटभर वाटतें, कोणी कंटाळलेल्या प्रवाशानें सहज कॅमेरा काचेला टेकविला असावा. नंतर ध्यानांत येऊं लागतें कीं तीच इमारत ठराविक अंतरानें पुन्हां येते आहे. ठोका पडला कीं कांहीं तरी समोरून जातें, गाण्यानें श्वास घेतला कीं बाहेर मोकळें आकाश पसरतें. गाडीनें गाण्याशीं संगनमत केलेलें आहे. नीम ते व्हॅलान्स हा प्रवास गोंद्रीनें दिवसाच्या निरनिराळ्या वेळीं दहा वेळां टिपला, म्हणजे उजेडाच्या निरनिराळ्या छटा हाताशीं असाव्या. आणि संगणकाच्या साहाय्यानें तें सारें गाण्याच्या मात्रांवर बसविलें. त्याआधीं त्यानें गाण्याची आंखणी ग्राफपेपरवर केली होती, आणि देखाव्याचा नमुना म्हणून संत्रीं, कांटे, पुस्तकें, पेले, बूट अशा घरांतल्याच वस्तु ओळीनें मांडून पाहिल्या होत्या. हा मनुष्य पन्नास माणसांचा ताफा हाताशीं असतांहि आधीं टेबलावर संत्रीं मांडतो, याचें त्या वेळीं मला हसूं आलें. आतां येत नाहीं.

माझ्या विद्यार्थिनीनें त्याची उलटी वाट धरली होती. तयार चित्रावरून तिनें ती आंखणी पुन्हां काढली होती. ग्राफपेपरचे ताव एकमेकांना डिकवून तिनें जन्मपत्रिकेसारखी एक गुंडाळी केली होती. ती चौघांनीं धरून उलगडली तेव्हां वर्गाची भिंत भरली. आडवा एकेक चौकोन म्हणजे एकेक मात्रा. आणि एकाखालीं एक पांच ओळी, म्हणजे गाण्यांतले पांच आवाज. ज्या मात्रेला जो आवाज, त्या चौकोनांत पेन्सिलीची खूण, आणि तिच्या माथ्यावर खिडकीबाहेर त्या क्षणीं काय गेलें त्याचें बारीक चित्र. किती रात्री बसली असेल पोर, देव जाणे.

पांचव्या ओळींत खुणांची इतकी दाटी होती कीं दुरून ती मुंग्यांची रांग वाटावी.

"ही कसली ओळ?" मीं विचारलें.

"ही झांजेची, सर. दोन ठोक्यांच्या मध्यें ती बारीक झांज वाजते ना, ती. रुळांलगतच्या बारीकसारीक गोष्टी तिच्याबरोबर जातात."

मीं कान देऊन ऐकलें. ढोल ऐकूं आला, खर्ज ऐकूं आला, बाईचा आवाज ऐकूं आला. झांज नव्हती. मीं तो भाग पुन्हां लावावयास सांगितला; पुन्हां नव्हती. तिसऱ्यांदा लावून झाल्यावर मीं खुर्चींत मागें रेलून, शिक्षकाला न शोभणाऱ्या समाधानानें म्हणालों, "हें बघ, सिद्धान्त आधीं ठरवावयाचा आणि मग त्याच्यासाठीं पुरावा निर्माण करावयाचा, याला टीका म्हणत नाहींत. जो आवाज गाण्यांत नाहींच, त्याच्यावर चित्र बसणार कसें?"

"सर, आहे तो आवाज."

मीं वर्गाकडे वळलों. "कोणाला ऐकूं आला?"

वर्गांत सव्वीस मुलें होतीं. कोणी वहींत पाहूं लागलें, कोणी खिडकीबाहेर. त्या शांततेचा अर्थ मीं माझ्या बाजूनें लावला. इतकीं वर्षें व्याख्यानें दिल्यावर शांततेचा दुसरा अर्थ मनुष्याला सुचत नाहींसा होतो. निवेदनाला मीं दहापैकीं चार गुण दिले, आणि शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें, 'परिश्रम आहेत. निरीक्षणांत कल्पनेची भेसळ.' हें वाक्य मला त्या दिवशीं फार नेमकें वाटलें होतें.

दहाबारा दिवसांनीं मला ताप आला. हल्लीं थर्मामीटर पाऱ्याचे नसतात. काम झालें म्हणजे ते आपण होऊन वाजतात. मी तो तोंडांत धरून, छपराकडे पाहत, त्याच्या वाजण्याची वाट पाहत पडलों होतों. कितीतरी वेळानें स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती बाहेर आल्या.

"अहो, तो काय जेवणापर्यंत तोंडांत ठेवणार आहांत? केव्हांचा वाजला!"

मीं तो काढून म्हणालों, "वाजला नाहीं."

"मला आंत ऐकूं आला कीं!"

आमचा थोडा वाद झाला. तीस वर्षांच्या संसारांत थर्मामीटरवर वाद होण्याची ही पहिलीच वेळ. शेवटीं तिनें तो पुन्हां चालू केला, स्वतःच्या कांखेंत धरला, आणि थोड्या वेळानें काढून माझ्या कानापाशीं आणला. तो वाजत आहे हें मला तिच्या चेहऱ्यावरून समजलें.

तापांत मनुष्याला भलभलतें आठवतें म्हणतात. मला आठवलें तें सगळें कामाचेंच होतें. गेलीं दोन वर्षें मी घरीं येऊन तक्रार करीत असे कीं हल्लींच्या मुली तोंडांतल्या तोंडांत बोलतात. यांच्या बोलण्यांतले स आणि श जातात तरी कुठें? पहाटे फिरावयास गेलें असतां पांखरें पूर्वींइतकीं राहिलीं नाहींत, अशी माझी ठाम समजूत झाली होती, आणि तिच्यावर मी पर्यावरणाच्या ऱ्हासासंबंधीं एका सभेंत बोललोंहि होतों. आणि मग ती मुंग्यांची रांग आठवली.

लेखी निबंधांचा गठ्ठा टेबलावर येऊन पडला होता. दुसऱ्या रात्रीं ताप उतरल्यावर मीं तिचा निबंध काढला. आलेखाचा थोडासा भाग तिनें शेवटीं नकलून जोडला होता, आणि त्यांत ओळी चारच होत्या. मजकुरांत 'गाण्याचे चार थर' असा शब्दप्रयोग होता. झांजेचा उल्लेख नव्हता, माझ्या आक्षेपाचा नव्हता, कसलें स्पष्टीकरण नव्हतें. परंतु टेबलावरच्या दिव्याखालीं कागद जरा तिरका झाला, आणि चौथ्या ओळीखालीं, खोडलेल्या पेन्सिलीचे दबलेले वळ मला दिसले. चौकोनामागून चौकोन, एकहि न सोडतां तिनें ते खोडले होते. त्या वळांवरून मीं बोट फिरविलें. चुकीचें गणित खोडावयास लाविल्यावर मूल जसें खोडतें तसें तिनें माझ्या सांगण्यावरून खोडलें होतें, आणि गणित बरोबर होतें.

मग मीं एक गोष्ट केली. 'स्टार गिटार' लावला आणि आवाज अजिबात बंद केला. तिचा कागद समोर ठेवून, वळांच्या रांगेवर बोट धरून, खिडकीबाहेर पाहूं लागलों. पहिल्या दोन खेपांना कांहीं साधलें नाहीं. तिसऱ्या वेळीं मोठ्या वस्तूंकडे पाहण्याचें सोडून दिलें. आणि मग, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेंत, रुळांच्या अगदीं काठानें जाणाऱ्या क्षुद्र गोष्टी दिसूं लागल्या. त्या मोजून येत होत्या. माझें बोट वळावर पडे आणि बाहेर एक जाई. जी झांज मला ऐकूं येत नव्हती, जी या जन्मीं पूर्वींसारखी ऐकूं येण्याचा संभवहि नाहीं, ती माझ्यासमोरून आगगाडीच्या वेगानें जात होती. बहिऱ्या मनुष्यानें चित्रावरून वाद्यें मोजून घ्यावीं इतका त्या दिग्दर्शकाचा हिशेब चोख होता. आणि त्या मुलीचाहि.

त्या रात्रीं मीं तिचा निबंध पुरा वाचला, आणि त्यांत उल्लेखिलेले बाकीचे व्हिडिओहि पाहिले. व्हाइट स्ट्राइप्स यांच्या 'द हार्डेस्ट बटन टु बटन' या २००३ च्या गाण्यांत न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर दर ठोक्याला एक नवा ड्रमसंच उभा राहतो. त्यासाठीं एकसारखे ३२ संच आणले होते. वादिका एक संच वाजवून पुढच्यावर बसते, मागचा तसाच राहतो, आणि पाहतां पाहतां ठोक्यांची एक भलीमोठी रांग रस्त्यांत मांडली जाते. वाजून गेलेला ठोका म्हणजे हवेंत विरलेली वस्तु. येथें तो विरत नाहीं, मागें लाकूड आणि चामडें होऊन उभा राहतो. कायली मिनोगच्या 'कम इन्टु माय वर्ल्ड' या २००२ च्या व्हिडिओंत ती गायिका पॅरिसलगतच्या एका चौकाला प्रदक्षिणा घालते. फेरी पुरी झाली कीं तिची दुसरी प्रतिमा निघते, मग तिसरी, मग चौथी. चौकांतली इतर माणसेंहि त्याच हिशेबानें वाढत जातात, आणि शेवटीं चौकांत चार गायिका आणि चौपट गर्दी. गाण्याचें ध्रुवपद चार वेळां येतें म्हणजे नक्की काय होतें, हें मला इतक्या वर्षांत कोणी इतक्या सोप्या रीतीनें दाखविलें नव्हतें. 'शुगर वॉटर' या १९९६ च्या व्हिडिओचा तिनें ओझरता उल्लेख केला होता. त्यांत पडदा मधोमध दुभंगलेला. एका अंगास काळ पुढें जातो, दुसऱ्या अंगास तोच मागें येतो. हा मला थोडा कसरतीचा वाटला. चित्रबंध काव्यें रचणाऱ्या आपल्याकडील पंडितांच्या जातीचा. पण तोहि मीं तीनदां पाहिला हें लपवीत नाहीं.

तिच्या निबंधाचा गाभा असा होता, कीं गोंद्रीची शैली रंगांत नाहीं, प्रकाशांत नाहीं, कॅमेऱ्याच्या विशिष्ट कोनांत नाहीं. प्रत्येक गाण्यासाठीं तो एक नियम करतो, आणि मग तो नियम स्वतः मोडीत नाहीं. पाहणाराला तो नियम सांपडतो, आणि सांपडल्याबरोबर त्याला आनंद होतो. इतर जादूगार आपली युक्ति लपवितात. हा ती उघडी ठेवतो, तरी जादू कमी होत नाहीं.

मीं पेन खालीं ठेवलें. माझ्या वडिलांनीं मला मंदाक्रांता शिकविली होती ती टाळ्या वाजवून. पहिलीं चार अक्षरें गुरु, मग पांच लघु, मग पुन्हां गुरु. चार अक्षरांवर विसांवा, पुढें सहांवर, पुढें सातांवर. मी तेव्हां दहा वर्षांचा असेन. अर्थ मला एका शब्दाचाहि ठाऊक नव्हता. पण ते पांच लघु घाईनें पळत येऊन गुरूवर आदळत तेव्हां मला अंगणांत धांवत येऊन ओट्यावर बसल्यासारखें वाटे. तीच गोष्ट मीं आपल्या विद्यार्थ्यांना कधीं दिली नाहीं. इंग्रजी छंदःशास्त्राचा एक तास घेतों, तोहि परीक्षेंत प्रश्न येतो म्हणून. उरलेले सारे तास कवीच्या जीवनविषयक तत्त्वज्ञानाचे. मोजणें हें कारकुनाचें काम आणि अर्थ लावणें हें रसिकाचें, अशी वांटणी मीं केव्हां केली कोण जाणे. या मुलीनें तिला न विचारतां ती मोडली होती, आणि तिच्या मोजण्याला मीं 'भेसळ' म्हटलें होतें.

पुढच्या आठवड्यांत मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. एका बंद पेटीवजा खोलींत बसवून, कानांवर श्रवणयंत्र चढवून, हातांत एक बटण देतात. सूर ऐकूं आला कीं दाबावयाचें. मला बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं, तेव्हां यंत्र बिघडलें असावें असें वाटून मीं दार ठोठावलें. यंत्र चांगलें होतें. बाहेर आल्यावर त्यांनीं एक कागद हातांत दिला. तोहि ग्राफपेपरच होता! तांबडीं वर्तुळें उजव्या कानाचीं, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. २००० हर्ट्‌झपर्यंत दोन्ही रेघा सरळ चाललेल्या, आणि ४००० च्या सुमारास घाट उतरावा तशा खालीं गेलेल्या. वयोमानानें वरचे सूर आधीं जातात, डॉक्टर म्हणाले. खालचे राहतात म्हणून मनुष्याला वाटतें आपल्याला सगळें ऐकूं येतें. घरीं येऊन मीं तो कागद तिच्या कागदाशेजारीं ठेवला. तिच्या पांचव्या ओळींत जें होतें तें सर्व माझ्या कागदावर घाटाच्या पलीकडे होतें.

राहिला प्रश्न गुणांचा. ते परीक्षा विभागाकडे जाऊन चुकले होते. बदलावयाचे तर एक अर्ज भरावा लागतो, आणि त्यांत 'बदलाचें कारण' असा रकाना आहे. तो अर्ज माझ्या पिशवींत पांच दिवस होता. कान कमी आहेत असें लिहून द्यावयाचें, तें कागदोपत्रीं राहणार, उद्यां कोणी म्हणणार यांना तोंडी परीक्षा देऊं नका, परवां कोणी म्हणणार वर्गहि देऊं नका. निवृत्तीला अजून सहा वर्षें होतीं. सहाव्या दिवशीं मी रकाना कोराच ठेवून खिडकीशीं गेलों. तेथील लेखनिक माझा जुना विद्यार्थी निघाला. अर्जावर नजर टाकून तो आदरानें म्हणाला, "सर, कारण 'नजरचूक' घाला. सगळे तेंच घालतात. चालतं."

शब्द सोयीचा होता, आणि मीं पेनहि उघडलें. पण या सगळ्या प्रकरणांत माझ्या नजरेनें तेवढी चूक केली नव्हती. खरें काय तें कळलें असेल तर तें तिच्यामुळेंच. मीं लिहिलें, 'परीक्षकास उंच स्वर ऐकूं येत नाहींत. विद्यार्थिनीचें विधान बरोबर होतें.' लेखनिकानें तें दोनदां वाचलें, माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि एरवीं बोलतो त्याच्या दुप्पट आवाजांत मला सांगितलें, "बसा, सर! पाणी घेतां?"

त्याच दुपारीं मीं तिला विभागांत बोलावून घेतलें. मनांत बरींच वाक्यें जुळविलीं होतीं. प्रत्यक्षांत एवढेंच बोललों, "तुझी पांचवी ओळ बरोबर होती. मला ती ऐकूं येत नाहीं."

"ठाऊक आहे, सर."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्हांला बारीक आवाज ऐकूं येत नाहीं तें. मागच्या बाकावरच्या मुलींना तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदां विचारतां. सगळ्या वर्गाला ठाऊक आहे."

मीं टेबलावरचे कागद उगीचच सारखे केले. "मग त्या दिवशीं बोलली कां नाहींस?"

"वर्गांत कसं सांगायचं, सर?"

"आणि ती ओळ खोडलीस ती?"

"चार ओळींत निबंध पुरा होत होता," ती म्हणाली; आणि जरा थांबून, "पण ती खोडतांना वाईट वाटलं. तीच सगळ्यांत आवडती होती."

तिनें आपली मूळ गुंडाळी आणली होती. तिच्यावरूनहि पांचवी ओळ पुसलेली होती. मीं दार लोटून घेतलें, लांब टेबलावरचीं पुस्तकें खालीं ठेवलीं आणि गुंडाळी उलगडली. ती कानांत ऐकावयाच्या नळ्या घालून खुणा करीत चालली. मी आवाज नसलेल्या पडद्याकडे पाहत, पट्टी सरकवीत, तोंडानें मात्रा मोजीत राहिलों. चौथ्या तावावर तिची एक खूण एका चौकोनानें पुढें गेली. मीं पट्टी धरून ठेवली आणि म्हणालों, "थांब, चुकलीस." तिनें तो भाग पुन्हां ऐकला, मग पुन्हां एकदां ऐकला, आणि रबर घेतलें.